तेवीस नंबरची डबी

२ डिसेंबर, सोमवार

तीस वर्षं कामाची वही लिहिली. कुठली गल्ली, कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता, किती खोल. आता कंपनी म्हणते वही नको, सगळं मोबाइलवर भरा. बरं बाबा. पण नवी वही आधीच आणून ठेवली होती, आणि सकाळी दहानंतर मला तसा उद्योग नसतो. तेव्हा यात स्वतःचंच लिहावं म्हणतो. वाचणार कोण? शबनमला मराठी वाचायचा कंटाळा, आणि माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

सुरुवात रीतसर करू. मी मन्सूर तांबोळी, वय सत्तावन्न, राहणार कात्रज. घरात आम्ही दोघंच, मी आणि बायको शबनम. काम म्हणजे जमिनीखालच्या पाइपातली गळती कानाने शोधणं. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची लाकडी वाटी कानाला लावायची आणि गप्प उभं राहायचं. पाणी बाहेर निसटत असेल तर ते सांगतं. जुने साहेब म्हणायचे, तांबोळीने खडूने फुली मारली की खोदायला घ्या, विचारत बसू नका. ते साहेब गेले, वर्षापूर्वी ही कंपनी आली. वारज्यात टेकडीच्या बाजूला पाइपांवर एकशे चाळीस डब्या बसवल्यात, त्याच ऐकतात म्हणे. मग मला कशाला ठेवलंय? डब्यांना शिकवायला. म्हातारपणी मास्तरकी!

५ डिसेंबर, गुरुवार

पूर्णिमाने डब्यांचं परत समजावून सांगितलं. पूर्णिमा म्हणजे कंपनीची इंजिनिअर. एकोणतीस वर्षांची, हुशार, पण बोलते इतकं पुटपुटत की प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागते. हल्ली पोरांना तोंड उघडायचाही कंटाळा.

मला समजलं ते असं. डबी व्हॉल्व्हच्या लोखंडाला चुंबकाने चिकटलेली असते. सकाळी पाच ते नऊ पाणी सुटतं, तेव्हा ती ऐकते. संशय आला तर लगेच बोंब मारत नाही. आधी शेजारच्या डब्यांना विचारते, मला असं वाटतंय, तुम्हाला काय वाटतं? शेजारणी हो म्हणाल्या तर ऑफिसला सूचना जाते. नाही म्हणाल्या तर माणूस जातो, म्हणजे मी. मी सळई लावायची आणि मोबाइलवर ‘गळती आहे’ नाहीतर ‘गळती नाही’ दाबायचं. तिथे माझं उत्तर शेवटचं. जी डबी बरोबर ठरली तिची पत वाढते, जी चुकली तिची घटते. फारच घटली तर पुढे तिचं कोणी ऐकत नाही.

‘‘म्हणजे सोसायटीची मीटिंगच की,’’ मी म्हटलं.

‘‘हो काका, फक्त इथे खुर्च्या फेकत नाहीत,’’ ती म्हणाली. निदान मला तसं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

आज कॉलर ताठ. टाकीखालच्या चौकात तीन डब्यांनी एकमताने गळती सांगितली. खोदायच्या आधी मी सळई लावली. घूंऽऽ असा जाड, एकसारखा आवाज. म्हटलं ही गळती नाही, हा शेजारच्या सोसायटीचा पंप. इंद्रजीत साहेब म्हणाले, ‘‘मशीन तीन आणि तुम्ही एक, खोदा.’’ हे आमचे मॅनेजर. वय चौतीस, खड्ड्याच्या कामावर पांढरे बूट घालून येतात. खोदलं. आत कोरडी ठणठणीत माती. वॉचमनला सांगून पंप बंद करायला लावला, तशा तिन्ही डब्या गप्प.

साहेबांनी तिथेच पूर्णिमाला फर्मान सोडलं, ‘‘आजपासून काकांच्या एका शब्दाला दहा डब्यांचं वजन.’’ तिने लगेच लॅपटॉपवर करूनही टाकलं. स्वारगेटला आमचं ऑफिस आहे, तिथून घरी जाताना शबनमसाठी जिलबी घेतली. फार दिवसांनी बरं वाटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

तेवीस नंबरची डबी आज पहिल्यांदा कुरकुरली. एकटीच. बावीस आणि चोवीस म्हणतात, आम्हाला काही नाही.

ही डबी वरच्या रस्त्यावरच्या चेंबरमध्ये आहे. रस्त्याच्या कडेला दोन पुरुष उंचीची दगडी भिंत, चढ धरून ठेवायला बांधलेली. भिंतीच्या पायथ्याशी रंगनाथचं इस्त्रीचं पत्र्याचं दुकान आणि त्याला लागून राहायची खोली. मागची बाजू वेगळी बांधलीच नाही, हीच दगडी भिंत. रंगनाथ आणि त्याची बायको वेणूबाई यवतमाळकडचे, बारा वर्षं झाली त्यांना इथे. गल्लीतले सगळे गणवेश आणि आयटीवाल्यांचे शर्ट रंगनाथच्या हाताखालून जातात. मी त्या बाजूला गेलो की वेणूबाई चहा दिल्याशिवाय सोडत नाही. साखर किती ते विचारत नाही, घालते.

सळई लावून पाच मिनिटं उभा राहिलो. काही नाही. ‘गळती नाही’ दाबलं आणि खाली चहाला गेलो.

वेणूबाई म्हणाली, ‘‘मन्सूरभाऊ, मागच्या भितीले ओल धरली जी. दिवाळीपासून हाय.’’

पाहिली. गुडघ्यापर्यंत ओल होती. वरून गटार जातं, त्याचीच असणार. तसं सांगितलं.

‘‘पाइपाची नाही ना? हे इथं टेबल लावून उभे रायतात दिवसभर.’’

‘‘पाइप मी आत्ताच ऐकून आलो. बिनघोर राहा.’’

‘‘मग झालं,’’ ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

४ जानेवारी, शनिवार

पुणेकर सुधारले की काय? स्वारगेटच्या चौकात बस माझ्या स्कूटरला अगदी घासून गेली. ड्रायव्हरने खिडकीतून माझ्या खानदानाची चौकशी केली, पण हॉर्न म्हणून वाजवला नाही. पूर्वी हेच लोक सिग्नल सुटायच्या आधी हॉर्नवर हात ठेवून असायचे.

शबनम बहिणीकडे गेलेली, म्हणून डाळ मी लावली. कुकरने शिट्टीच दिली नाही, डाळीचा कोळसा झाला. शिट्टी बदलायला नेली तर दुकानदार म्हणतो जुनी उत्तम चालू आहे. त्याचं काय जातंय म्हणायला? मी नवीन घेऊन आलो.

तेवीस आज चौथ्यांदा कुरकुरली. ‘गळती नाही.’

१६ जानेवारी, गुरुवार

थंडी. साडेचारला उठायचं, गाडीवर कुडकुडत वारज्याला जायचं, रस्त्यावर कान लावून उभं राहायचं. कुत्रीही आता माझ्यावर भुंकत नाहीत, ओळखीचा झालो असेन. आज सहा डब्यांसाठी सहा ठिकाणी गेलो. सहाही ठिकाणी काही नाही. हे यंत्र म्हणजे भित्री भागूबाई आहे, पान पडलं तरी आभाळ पडलं म्हणते. पाय दुखतात. मार्चअखेर करार संपतो, तो वाढवला तर अजून तीन वर्षं हेच. न वाढवला तर काय, तेही सुचत नाही. तीस वर्षं एकच गोष्ट करत आलोय.

२९ जानेवारी, बुधवार

तेवीसची पत संपली. पूर्णिमाने नकाशा दाखवला. डब्यांचे ठिपके हिरवे, पत गेलेल्यांचे करडे. तेवीस आता करडी. यापुढे ती काही म्हणाली तरी शेजारणी लक्ष देणार नाहीत आणि मलाही निरोप येणार नाही.

‘‘काका, नक्की ना? सात वेळा तीच सांगतेय.’’

‘‘सात वेळा मी पण तेच सांगतोय.’’

‘‘नाही, आपण म्हणता तर नक्कीच. मी फक्त विचारलं.’’

येता येता वेणूबाईकडे डोकावलो. ओल आता कमरेपर्यंत चढली आहे. माझ्या पिशवीत क्लोरीन तपासायची बाटली असते. ओलीचं पाणी फडक्याने टिपून दोन थेंब टाकले असते तर पिवळं होतंय का बघता आलं असतं, नळाचं की गटाराचं ते कळलं असतं. पण वेणूबाई बघत होती. म्हणाली, ‘‘भाऊ, तुमचा कान सोन्याचा हाय म्हणतात.’’ अशा वेळी बाटली काढणं बरं दिसत नाही. बाटली कानावर भरवसा नसणाऱ्यांसाठी असते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शबनमशी वाजलं. टीव्हीचा आवाज म्हणे मी असा ठेवतो की खालच्या मजल्यावरचे जाहिरातींसकट ऐकतात. तिचं म्हणणं, कान दाखवून घ्या. मी म्हटलं, ‘‘मी कानावर पोट भरणारा माणूस. उद्या न्हाव्याला कात्री धरायला शिकवशील.’’ ती म्हणाली, ‘‘मी चारदा हाक मारते तेव्हा एकदा ओ देता.’’ लग्नाला एकतीस वर्षं झाली, कुठला नवरा पहिल्या हाकेला ओ देतो? तरी झोपताना दोन्ही कानांत कोमट तेल घातलं. मळ असेल. थंडीत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हे नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

अकराला ऑफिसमध्ये बोलावलं. पूर्णिमा, इंद्रजीत साहेब आणि चहा आणणारे यज्ञेश्वर मामा एवढेच होतो. पूर्णिमा म्हणाली, तेवीस बंद नाही केलेली, फक्त तिचं कोणी ऐकत नाही. पण तिचा साठवलेला आवाज मी सहज काढून पाहिला, दिवसेंदिवस वाढतोय. एकदा आपण सगळे ऐकू या. तिने लॅपटॉपला मोठा स्पीकर जोडला आणि बटण दाबलं.

मी वाट बघत बसलो. म्हटलं, चालू होईल आता.

तेवढ्यात इंद्रजीत साहेबांनी तोंड वाकडं केलं. ‘‘केवढं टोचतंय हे, कमी करा जरा.’’ मामांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि स्पीकरकडे बघायला लागले. पूर्णिमाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘काका, ऐकलंत ना? काय वाटतं?’’

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. स्पीकर बंद आहे असंच मी समजत होतो.

मी म्हणालो, ‘‘पंप आहे.’’

‘‘पंप एवढा बारीक?’’

‘‘नवीन पंप असतात तसे.’’

साहेब म्हणाले, ‘‘झालं, काकांनी सांगितलं ना? पुढचा विषय घ्या.’’ पूर्णिमाने माझं उत्तर लॅपटॉपवर टाकलं. दहा डब्यांच्या वजनाचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शबनमला कुकर लावायला सांगितला आणि स्वयंपाकघरात स्टूल टाकून समोर बसलो. शिट्टी वर उचलली जाते, वाफ निघते, शबनम गॅस बारीक करते. सगळं दिसतं. आवाज नाही.

तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वारगेटजवळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानावर ठोकळे चढवले. आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी दाबत होतो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे बाई मात्र काहीतरी फिरवत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट, मग कात्रजचा घाट उतरावा तशी खाली. म्हणाल्या, जाड आवाज ठीक ऐकता, बारीक आवाज गेलेत, दोन्ही कानांचे. मशीनने बोलणं सुधारेल, पण गेलं ते यायचं नाही.

‘‘कधीपासून?’’

‘‘चार-पाच वर्षं तरी. हळूहळू जातं, म्हणून कळत नाही. तुम्ही काय काम करता?’’

‘‘रिटायर आहे,’’ मी सांगितलं.

डिसेंबरमध्ये पंपाचा जाड आवाज ओळखला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोखंडी पाइपाची नवी गळती बारीक असते, सुईसारखी. तीच कळावी म्हणून मला ठेवलंय. आणि मी गेलं वर्षभर ‘गळती नाही’ दाबत सुटलोय. तेवीस खरं बोलत असणार. वरून पाणी भिंतीच्या पोटात जात असणार आणि खाली ती दोघं राहतात. सोमवारी जाऊन सांगतो.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. सोमवारी कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत, करारांची यादी तेच बघणार. त्यांच्यासमोर, ऐन रमजानात, ‘मी बहिरा आहे’ म्हणून उभं राहायचं? शबनम ईदेला बहिणीकडच्या सगळ्यांना बोलवायचं म्हणतेय, तिला अजून काही माहीत नाही. बुधवारी सांगतो. ओल दिवाळीपासूनच आहे. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?

 

४ मार्च, मंगळवार

काल मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. आज राहवेना म्हणून पहाटेच तेवीसकडे गेलो. निरोप नव्हता, तरी गेलो. सळई लावली. सवयीने डोळे मिटले. काही नाही. आता ‘काही नाही’ म्हणजे काय ते माहीत असताना तिथे उभं राहणं फार वाईट.

खाली गेलो. वेणूबाई म्हणाली, ‘‘रोजे लागले ना? मग आज चहा नाही तुमाले.’’ रंगनाथ टेबलामागे उभा, भिंतीला पाठ लावून गणवेशांवर पाणी शिंपडत होता.

मी म्हटलं, ‘‘रंगनाथ, टेबल पुढे घे. खाट पण दाराकडे घ्या.’’

‘‘काहून?’’ वेणूबाईने विचारलं.

इथे सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, ‘‘ओल वाईट. सांधे धरतात.’’

रंगनाथ हसला. ‘‘पुढं घेतलं तं गिऱ्हाइकानं उभं कुठं रायचं, भाऊ?’’ तरी खाट हलवतो म्हणाला. तेवढ्यावर मी निघून आलो. निघून आलो! सत्तावन्न वर्षांचा बाप्या, आणि सांधेदुखीची गोष्ट सांगून पळालो.

उद्या सांगायचंच.

५ मार्च, बुधवार

इंद्रजीत साहेब मुंबईला गेलेत. पूर्णिमा होती. तिच्या टेबलापर्यंत गेलो, तिने हसून बसा म्हटलं, मी बॅटऱ्यांचं काहीतरी विचारून परत आलो.

६ मार्च, गुरुवार

भिंत पडली. सकाळी सात दहाला.

मी खालच्या चौकात होतो. जाड आवाज होता, तो मला ऐकू आला. पोचलो तेव्हा धूळ खाली बसत होती आणि दगडांच्या ढिगातून स्वच्छ पाणी वाहत होतं. वेणूबाई नळावर गेली होती म्हणून बाहेर होती. खाट दाराशी होती, रिकामी. रंगनाथ टेबलापाशी सापडला. उजव्या हातावर दगड. गल्लीतल्या लोकांनी हातांनीच दगड उचलले. मीही उचलले. तो ओरडत असणार, तोंड उघडं होतं. आजूबाजूला इतका गलका होता की मला वेगळं काही कळलं नाही.

पूर्णिमा दुपारी आली. पाणी बंद करून पाइप उघडा केला. जोडावर बोटभर चीर. खाली माती वाहून इतकी पोकळी झाली होती की माणूस आत मांडी घालून बसेल.

७ मार्च, शुक्रवार

रंगनाथचा हात कोपराखाली काढला.

ऑफिसमध्ये इंद्रजीत साहेबांनी कागद पुढे केला. ‘‘आपलं रेकॉर्ड एकदम क्लीन आहे. तेवीस नंबर, अनुभवी माणसाने सात वेळा जागेवर जाऊन तपासलं, गळती नाही. आठव्यांदा ऑडिओ ऐकून सांगितलं, गळती नाही. मंगळवारीसुद्धा काका स्वतःहून गेले होते, त्यांच्या मोबाइलवर दिसतंय. पाइप भिंत पडल्यामुळे फुटला. भिंत जुनी होती. काका, इथे सही करा.’’

मी म्हटलं, ‘‘पाइप आधी फुटला होता. मला बारीक ऐकू येत नाही.’’

‘‘म्हणजे?’’

मी डॉक्टरीणबाईंचा कागद टेबलावर ठेवला. पूर्णिमाने उचलला. तिने आधी रेघ पाहिली, मग वरची तारीख. 

‘‘अठ्ठावीस फेब्रुवारी,’’ ती म्हणाली. हे मात्र तिने मोठ्याने म्हटलं.

‘‘हो.’’

‘‘बुधवारी आपण माझ्या टेबलाशी आला होतात.’’

‘‘हो.’’

साहेब म्हणाले, ‘‘हा कागद मी पाहिलेला नाही. तुम्ही घरी जा, रोजा आहे तुमचा, डोकं शांत ठेवा. लेखी काही देऊ नका.’’

१० मार्च, सोमवार

लेखी दिलं. आमच्या साहेबांना एक प्रत, पालिकेच्या पाणीखात्यातल्या साहेबांना एक. शबनमला आधी वाचून दाखवलं. ती रडली नाही की चिडली नाही. म्हणाली, ‘‘तुम्ही मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.’’ मग सही करायला पेन आणून दिलं.

ऑफिसातून नाव कमी झालं. त्यात काही नवल नाही. पण पूर्णिमाने संध्याकाळी फोन केला. तिला नोकरीची भीती आहे, तरी केला. शबनमने स्पीकरवर ठेवून मला वाक्य वाक्य परत सांगितलं. वर्षभरात मी दोनशे बारा वेळा ‘गळती नाही’ दाबलं. त्यापायी तेवीस सोडून आणखी एकतीस डब्यांची पत गेली, त्या गप्प केल्या गेल्या. बाकीच्या शहाण्या झाल्या, म्हणजे बारीक आवाज सोडून द्यायला शिकल्या. ‘‘काका, डब्यांत काहीच बिघाड नव्हता. त्या आपल्यासारखं ऐकायला शिकल्या.’’

तिने माझी सगळी उत्तरं पुसून टाकली आहेत. शनिवारपासून दोन ठिकाणी खोदलं, दोन्ही ठिकाणी पाणी. अजून एकोणतीस बाकी. त्यातली एक बालवाडीच्या जिन्याखाली आहे. तिथे मी ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. मुलांनी सळई हातात घेऊन पाहिली होती.

१६ मार्च, रविवार

काल रिक्षा दवाखान्याच्या दारातूनच परत वळवली होती. आज आत गेलो. भेटायची वेळ चार ते पाच. जनरल वॉर्ड, वीस खाटा, प्रत्येक खाटेभोवती माणसं. रंगनाथ जागा होता, छताकडे बघत. वेणूबाई खाली चटईवर बसून मोसंबी सोलत होती. मला बघून तिने सरकून जागा केली. भाऊ, बसा म्हणाली असावी.

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. पाइप आधीच फुटला होता. मला ऐकू आला नाही, माझे कान गेलेत. हे मला सहा दिवस आधी कळलं होतं. मंगळवारी मी तेच सांगायला आलो होतो आणि सांध्यांचं सांगून गेलो. माफ करा म्हणायचं ठरवून आलो होतो, ते म्हणवलं नाही. त्या हाताकडे बघून कसलं माफ करा?

रंगनाथने मान भिंतीकडे वळवली. वेणूबाई सोलता सोलता थांबली. मोसंबीकडे बघतच काहीतरी बोलली.

‘‘काय म्हणालात?’’ मी विचारलं.

ती परत बोलली. ओठ हलले, दोन-तीन वाक्यं असावीत. मी खाली बसलो, डावा कान तिच्याजवळ नेला. ‘‘वेणूबाई, मोठ्याने बोला. मला खरंच ऐकू येत नाही.’’

तेव्हा ती उठून उभी राहिली. सालं मांडीवरून खाली पडली.

‘‘मले ऐकू ये, म्हटलं!’’ ती ओरडली. ‘‘रोज सकाळी! भितीतून सूंऽऽ करे, दूध उतू जायच्या आधी करते तसं! मी ह्यायले पण म्हटलं, पाणीच हाय! मग तुम्ही सळई लावून नाही म्हटलं, म्हणून मी चूप रायली जी! म्हटलं, माझेच कान वाजतात!’’

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. लांबून सिस्टर धावत आल्या. मला वाटलं, मला बाहेर काढतील. त्यांनी वेणूबाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ती गप्प झाली आणि सालं गोळा करायला लागली.